चित्र एक, घरं पंचवीस : खानदेशात राहून आर्ट प्रिंट कशी विकावी

अमळनेरच्या एका प्रदर्शनात साठी ओलांडलेले एक काका माझ्या टेबलापाशी बराच वेळ उभे होते. तापीकाठच्या केळीबागेची प्रिंट हातात धरून त्यांनी अहिराणीत विचारलं, "ताई, हाई झेरॉक्स शे का?" प्रश्नात टोमणा नव्हता. हाताने काढलेलं मूळ चित्र शेजारीच टांगलेलं होतं. तसंच दिसणाऱ्या कागदाला अडीच हजार रुपये का मोजायचे, हे त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं. त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. पुढच्या वर्षांत मी जे शिकले ते या एका प्रश्नाच्या उत्तरासाठीच.

थोडक्यात उत्तर असं. प्रिंट विकत घेणारा माणूस कागदाबरोबर तुमचा शब्द विकत घेतो. रंग टिकेल, ठरल्यापेक्षा जास्त प्रती निघणार नाहीत, चित्र घरी धड पोचेल आणि काही बिघडलं तर तुम्ही जागेवर असाल, एवढं त्या शब्दात येतं. खाली लिहिलेली प्रत्येक पायरी हा शब्द पाळता यावा म्हणून आहे.

आणि छापील चित्र म्हणजे हलकं, हा संकोच आधी मनातून काढा. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. राजवाड्यात लागणारी चित्रं त्या छापखान्यातून साध्या घरांच्या भिंतींवर आणि देवघरात पोचली. लक्ष्मी-सरस्वतीचं जे रूप आपल्या डोळ्यांसमोर येतं, त्यात त्या छापील चित्रांचा मोठा वाटा आहे.

कोणती प्रिंट काढणार, हे आधी ठरवा

प्रिंटचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात लिनोकट (लिनोलियमच्या लादीवरचा ठसा), वुडकट (लाकडावरचा) आणि एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेला) येतात. ठसा कलावंत स्वतः कोरतो आणि प्रत्येक छाप ही मूळ कलाकृतीच असते. दुसऱ्यात आधीच रंगवलेलं चित्र किंवा काढलेला फोटो डिजिटल फाइल करून चांगल्या कागदावर पिगमेंट (रंगाच्या घन कणांच्या) शाईने छापतात. याला जिक्ले म्हणतात. दोन्ही विकायला योग्य आहेत, मात्र एकाला दुसऱ्याचं नाव लावू नका. जिक्लेच्या मागे स्पष्ट लिहा : "मूळ जलरंगातील चित्रावरून केलेली पिगमेंट प्रिंट." हे लिहिल्यामुळे माझं गिऱ्हाईक कधी परत गेलेलं नाही. न लिहिता विकलेलं मात्र उलटू शकतं.

हातात फार पैसे नसतील तर लिनोकटपासून सुरुवात करा, हे माझं मत. लिनोची लादी, दोन-तीन कोरण्या, एक रोलर, शाई आणि घासायला स्टीलचा चमचा एवढ्यावर काम होतं, प्रेसची गरज नाही. फक्त आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर आधारलेली शाई कागद टेकवायच्या आत लादीवर वाळते आणि छाप ठिपकेदार येतो. पहाटे पाच ते आठ छापा, नाहीतर तेलावर आधारलेली शाई घ्या.

यापुढचं बरंचसं जिक्लेबद्दल आहे, कारण चित्रकार आणि फोटोग्राफर बहुतेक त्याच वाटेने जातात.

चित्र निवडताना

तुमच्याकडे साठ चित्रं असतील. त्यातली पाच निवडा. साठच्या साठ मांडली की बघणारा नुसता चाळत जातो.

खानदेशी गिऱ्हाइकाबद्दल एक गोष्ट मी टेबलामागे उभं राहून शिकले. तो चित्रातली कला नंतर बघतो, आधी खरं-खोटं तपासतो. माझ्या पहिल्या केळीबागेत सगळी पानं अखंड होती, गुळगुळीत. रावेरकडच्या एका शेतकऱ्याने बघितलं आणि म्हणाला, "वारा नाही का लागत तुमच्या बागेला?" केळीचं पान वाऱ्याने फाटतं, कडेच्या ओळीतलं तर आधी फाटतं. मी ते चित्र पुन्हा रंगवलं, या वेळी पानांच्या चिंध्या झालेल्या, घडांना टेकू दिलेले, बांधाला वाळलेल्या खोडांचा ढीग. तेच चित्र सगळ्यात जास्त गेलं.

म्हणून ज्या जागेला तुम्ही ओळखता ती जागा घ्या आणि तिचं नाव लिहा. "नदीकाठ" असं शीर्षक कोणाचंच नसतं. "चांगदेव, तापी-पूर्णेचा संगम, श्रावणातली सकाळ" असं लिहिलं की मुक्ताईनगरकडचा माणूस थांबतो. पाटणादेवीचा डोंगर, लळिंगचा किल्ला, तोरणमाळचा यशवंत तलाव, भुसावळचं रेल्वे यार्ड, श्रावणातली कानबाईची मांडणी : यातल्या प्रत्येकाला आपला माणूस आहे. गाव, महिना आणि वेळ या तीन गोष्टी शीर्षकात आल्या की अर्धं काम होतं.

चित्राचा फोटो किंवा स्कॅन

इथे घाई केली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. लॅब कितीही चांगली असो, फाइलमध्ये नसलेला तपशील ती आणू शकत नाही.

छोटं जलरंगाचं काम फ्लॅटबेड स्कॅनरवर उत्तम येतं. ए४ चित्र ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलं तर ३०० डीपीआयने छापताना ते दुप्पट, म्हणजे ए२ आकारापर्यंत जातं. हिशोब सोपा आहे : पिक्सेल भागिले ३०० म्हणजे इंच. ६००० बाय ४००० पिक्सेलचा, २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो २० बाय १३ इंचांना पुरतो. ४००० बाय ३००० चा, १२ मेगापिक्सेल मोबाइलचा फोटो कागदावर १३ बाय १० इंच भरतो, पण मोबाइल स्वतःच्या मनाने रंग चढवतो आणि कडा टोकदार करतो. पोस्टकार्डासाठी तो वापरा, विक्रीच्या प्रिंटसाठी नको.

मोठ्या चित्रासाठी कॅमेरा, ट्रायपॉड आणि दोन सारखे दिवे लागतात. दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत ठेवा, खोलीतले बाकीचे बंद करा. कॅमेऱ्याची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ ८, फाइल रॉ (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ). चौकटीत एक ग्रे कार्ड (मध्यम करड्या रंगाचा पुठ्ठा) ठेवून पहिला फोटो घ्या, म्हणजे नंतर रंगाचा तोल साधता येतो. कॅमेरा चित्राला अगदी समांतर हवा. त्यासाठी चित्राच्या मध्यावर छोटा सपाट आरसा धरा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं तर समांतर, नाहीतर ट्रायपॉड हलवा. तैलरंगावर चकाकी येत असेल तर दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावावा लागतो.

दिवे नसतील तर दिवसाच्या उजेडातही जमतं. आपल्या मे महिन्याच्या दुपारी मात्र प्रयत्न करू नका, अंगणातल्या मातीचा तांबूस उजेड उसळून चित्रावर येतो. मी जूनची वाट बघते. मृगाचे ढग आले की उत्तरेकडच्या ओसरीवर सावलीचा एकसारखा उजेड मिळतो आणि वर्षाचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं.

फाइल जपण्याबद्दल, आणि भुसावळच्या एका कबरीबद्दल

मेजर रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायचं काम दिलं गेलं. त्याने वर्षानुवर्षं लेण्यांजवळ राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रती केल्या आणि त्या लंडनला गेल्या. १८६६ मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या प्रती जळाल्यावर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या. पण ग्रिफिथ्स यांचं काम १८९६-९७ मध्ये छापून दोन खंडांत निघालं आणि छापलं म्हणून ते आजही बघता येतं.

मी मास्टर फाइल सेव्ह करते तेव्हा मला गिल आठवतो. फाइल १६ बिट टिफ (तपशील न गमावणारा फाइल प्रकार), अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या मांडणीत ठेवा. तीन ठिकाणी ठेवा : कॉम्प्युटरवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी. माझी तिसरी प्रत नाशिकला बहिणीच्या कपाटात आहे. वीज गेल्यावर आणि आल्यावर जो झटका बसतो त्यात एक डिस्क गमावल्यावर मी हा नियम केला. नावात चित्र, आकार आणि तारीख टाका. "फायनल नवीन २" अशा नावाची फाइल दोन वर्षांनी कोणती हे तुम्हालाच कळत नाही.

शाई, कागद आणि लॅब

पहिल्या वेळी मी जवळच्या एका फोटो लॅबमधून पन्नास प्रिंट्स काढल्या. रंग झळाळत होते, दर स्वस्त होता. त्यातली एक धुळ्याच्या एका डॉक्टरांनी दवाखान्यात पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली. दोन उन्हाळ्यांत आकाश पांढरं पडलं, हिरवा पिवळट झाला. शाई डाय प्रकारची होती आणि मी विचारलंच नव्हतं. त्या प्रिंटचं पुढे काय केलं ते शेवटी सांगते.

डाय शाई कागदात विरघळून मुरते, दिसायला चटकदार असते, पण उजेडाने बऱ्याच लवकर उडते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक घन कण असतात, ते उजेडाला कितीतरी जास्त काळ तोंड देतात. कागदाचंही तसंच. लाकडाच्या लगद्याचा साधा कागद आम्लामुळे पिवळा पडतो. शंभर टक्के कापसाचा, आम्लमुक्त कागद टिकतो. काही कागद अतिशुभ्र दिसावेत म्हणून त्यात उजळ करणारी रसायनं घालतात. त्यांचा परिणाम उतरला की कागद मळकट दिसतो. शक्यतो किंचित साईसारख्या रंगाचा, या रसायनांशिवायचा कागद निवडा. हानेम्यूले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग ३०८ जीएसएम (दर चौरस मीटरला ३०८ ग्रॅम) हा कागद बहुतेक लॅबना माहीत असतो. दुसऱ्या कागदांची तुलना त्याच्याशी करता येते.

जलरंगाला खरखरीत पोताचा मॅट कागद शोभतो. कृष्णधवल फोटोला बरायटा (बेरियमचा थर दिलेल्या) कागदावर काळा गडद आणि खोल मिळतो. फोटोतल्या काळ्या-करड्या छटा म्हणजे काय हे डोळ्यांना शिकवायचं असेल तर एकदा चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी जा, आता ते कलादालन आहे. त्यांनी खोलीत टेबलावर मांडणी करून काढलेले टेबलटॉप फोटो सावकाश बघा. सावलीच्या आत किती सावल्या आहेत ते मोजा आणि मग आपल्या प्रिंटकडे परत या. चकाकणाऱ्या कॅनव्हासवर जलरंग छापून घेऊ नका. गिऱ्हाईक मागतं, तरी नको. त्यात ना धड जलरंग उरतो ना तैलरंग होतो.

आपल्या शहरांत फ्लेक्स आणि लग्नाचे अल्बम छापणारे भरपूर आहेत, आर्ट प्रिंटवाले फारसे नाहीत. मला मुंबई-पुण्याकडे काम पाठवावं लागतं. कोणत्याही लॅबला तीन प्रश्न विचारा : शाई पिगमेंट आहे का, कागदाचं नाव काय आणि कापूस किती टक्के, आणि त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतील हे सांगणारी फाइल) द्याल का. तिसऱ्या प्रश्नाला जो लगेच फाइल पाठवतो त्याच्याशी पुढे बोला.

मग चाचणी. पूर्ण आकारात छापण्याआधी एका ए४ कागदावर चित्रातले चार नाजूक तुकडे छापून मागवा : सगळ्यात गडद सावली, आकाश, माणसाची त्वचा आणि एखादा भडक रंग. स्क्रीन मागून उजळलेला असतो, म्हणून पहिली प्रिंट जवळजवळ नेहमीच अपेक्षेपेक्षा काळपट येते. स्क्रीनचा उजेड कमी करून काम करा. चाचणी तुकडा उन्हात, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या एलईडीखाली, तिन्ही ठिकाणी बघा, कारण लोकांच्या घरी तो तिथेच दिसणार आहे.

स्वतःचा प्रिंटर घ्यावा का? महिन्याला नियमित काम नसेल तर नको. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आठवडाभर प्रिंटर पडून राहिला की नोझल चोंदतात आणि ते साफ करण्यातच महागडी शाई जाते.

आवृत्ती आणि वही

किती प्रती काढणार, म्हणजेच आवृत्ती केवढी, हे पहिली विकण्याआधी ठरवा आणि जाहीर करा. मी ए२ आकारात २५ काढते. ए३ काढायच्या असतील तर त्यांचीही संख्या तेव्हाच सांगते. "ए२ च्या २५ संपल्या, आता जराशा लहान आकारात आणखी ५०" असं मागाहून करणं म्हणजे आधीच्या पंचवीस जणांना फसवणं. त्याशिवाय दोन-तीन प्रती कलावंताच्या म्हणून ठेवायची पद्धत आहे, त्यांवर एपी (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात. त्याही वहीत दिसल्या पाहिजेत.

प्रिंटच्या चारही बाजूंना दीड-दोन इंच पांढरी जागा सोडा. खालच्या डाव्या कोपऱ्यात क्रमांक, ७/२५ असा, म्हणजे पंचविसातली सातवी. मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. सगळं साध्या पेन्सिलीने. बॉलपेनची शाई पसरते आणि उडते. पेन्सिल टिकते.

वही म्हणजे खरोखरची जाड पुठ्ठ्याची खातेवही. चित्राला एक पान. क्रमांक, छापल्याची तारीख, कागद, शाई, कोणाला दिली, कशी पाठवली, किती पैसे आले. सोबत द्यायचं प्रमाणपत्र याच वहीवरून भरा. त्यावर हीच माहिती आणि चित्राचा छोटा फोटो असला की पुरे. सोनेरी किनार लागत नाही.

किंमत

आता आकडे. हे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या लॅबचे दर घालून पुन्हा मांडा. समजा ए३ प्रिंट छापायला ७०० रुपये, खराब होणाऱ्यांसाठी दहा टक्के म्हणजे ७०, पॅकिंग ९०, प्रमाणपत्र २०, कुरियर १२०. झाले १०००. मी विक्रीची किंमत याच्या तिप्पट ठेवते, ३०००. तिप्पट ऐकून नवख्यांना भीती वाटते, म्हणून पुढचं बघा. एखाद्या दालनाने ४० टक्के कमिशन घेतलं तर १२०० गेले. उरलेल्या १८०० मधून खर्च वजा जाता हातात ८०० येतात. दुप्पट ठेवली असती तर २००० मधून ८०० कमिशन आणि १००० खर्च. चित्र रंगवायला लागलेले पंधरा दिवस २०० रुपयांत मावत नाहीत.

दालनात आणि घरून एकच किंमत ठेवा. दालनात ३००० आणि फोनवर २००० असं कळलं की दालनवाला दुसऱ्यांदा विचारत नाही, आणि ज्याने ३००० दिले तो तर कायमचा जातो.

पंचवीस प्रतींची किंमत चढत ठेवता येते. पहिल्या १० तीन हजारांना, पुढच्या १० छत्तीसशेला, शेवटच्या ५ साडेचार हजारांना. हे आधीच लिहून लावा. लवकर घेणाऱ्याला त्याचा फायदा दिसतो, उशिरा येणाऱ्याला कारण कळतं.

घासाघीस होणारच, आपल्याकडे ती बोलण्याचाच भाग आहे. किंमत खाली आणू नका, दुसरं काही द्या. मी आकार बदलून दाखवते, किंवा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) माझ्याकडून लावून देते. पन्नास रुपयांची पोस्टकार्डं नेहमी टेबलावर असतात, त्यांना आवृत्तीचं बंधन नाही. कॉलेजची मुलं ती घेतात. त्यातली काही नोकरीला लागल्यावर मोठी प्रिंट घ्यायला आली आहेत.

कोणाला, कुठे

सुरुवात ओळखीतून होते, पण मी नातेवाइकांना आग्रह करत नाही. दवाखाने, वकिलांची ऑफिसं, नवीन हॉटेलं, शाळांच्या पायऱ्यांजवळच्या भिंती बघा. तिथे नुसता कॅटलॉग पाठवून उपयोग नाही. एक फ्रेम केलेली प्रिंट घेऊन जा आणि "पंधरा दिवस लावून बघा" म्हणून ठेवून या. रोज बघून सवय झालेली भिंत रिकामी करणं अवघड जातं. वास्तुशांतीच्या हंगामात, विशेषतः वैशाखात, भेट म्हणून देणारे येतात. त्यांच्यासाठी फ्रेमसह तयार माल लागतो, आठ दिवसांनी देतो म्हटलं तर ते घड्याळ घेऊन जातात.

पण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक खानदेशाबाहेरचा खानदेशी. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात, पुण्याच्या पिंपरी-चिंचवडमध्ये, नाशिकला, मुंबईला आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. चांगदेवच्या संगमाची माझी प्रिंट पुण्यातल्या एका कुटुंबाने घेतली. पैसे मुलाने भरले, पण निवड आजींची होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो मोठा करून त्यांनी घाटाची पायरी ओळखली. त्या एका प्रिंटमागून त्याच सोसायटीतून आणखी चार गेल्या. अशा गिऱ्हाइकापर्यंत पोचायला गावांचे, समाजमंडळांचे, माजी विद्यार्थ्यांचे गट असतात. तिथे नुसती किंमत टाकू नका. चित्र काढताना तिथे काय बघितलं ते चार ओळींत लिहा, अहिराणीत लिहिता येत असेल तर अहिराणीतच लिहा.

ऑनलाइन फोटो टाकताना लांबीला पंधराशे पिक्सेल, रंग एसआरजीबी या स्क्रीनसाठीच्या मांडणीत. मोठी फाइल टाकू नका, कोणीही उतरवून छापेल. नुसत्या चित्राच्या फोटोपेक्षा हातात धरलेल्या प्रिंटचा, कागदाचा पोत दिसेल असा तिरप्या उजेडातला फोटो जास्त काम करतो. किती दिवसांत पोचेल, फुटलं-दुमडलं तर काय, परत घेणार का, हे तिथेच लिहा. मागणीप्रमाणे परस्पर छापून पाठवणाऱ्या संकेतस्थळांवर मी आवृत्तीची चित्रं देत नाही, कारण तिथे निघालेली प्रिंट माझ्या नजरेखालून जात नाही.

स्टॉल लावलात तर प्रिंट्स पारदर्शक पिशवीत, मागे पुठ्ठा घालून, उभ्या खोक्यात ठेवा. लोकांना चाळायला आवडतं. एक प्रिंट उघडी ठेवा, हात लावण्यासाठीच. अमळनेरच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी आता तसंच देते. एका हातात झेरॉक्सचा कागद देते, दुसऱ्या हातात कापसाचा. बोलावं लागत नाही. जत्रेचाही विचार करा. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लांबलांबचे घोडेवाले येतात. घोडा खरोखर ओळखणाऱ्याने काढलेलं चित्र तिथे नक्की निरखलं जाईल.

हक्क आणि कर

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा हक्क कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. मूळ चित्र विकलं म्हणजे प्रिंट काढायचा हक्क आपोआप जात नाही. तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. लिहिताना मुदत घातली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते. एक अडचण मात्र अनेकांना माहीत नसते. कोणी पैसे देऊन व्यक्तिचित्र किंवा फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. त्याच्या प्रिंट्स काढायच्या असतील तर ऑर्डर घेतानाच दोन ओळी लिहून घ्या. इंटरनेटवरच्या फोटोवरून चित्र काढून विकू नका. अजिंठ्याचा पद्मपाणी प्राचीन आहे, पण त्याचा कोणीतरी काढलेला फोटो प्राचीन नाही.

जीएसटीत केवळ वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात माल जायला लागला की नियम बदलतात. सुरत आपल्याला घरच्यासारखी असली तरी हिशोबात ती परराज्यच. पहिली बाहेरची ऑर्डर घेण्याआधी सीएकडे अर्धा तास बसा.

पॅकिंग, फ्रेम आणि आपली हवा

छापलेली प्रिंट किमान एक दिवस उघडी वाळू द्या. सुती हातमोजे घालूनच हाताळा, घामाचा डाग मॅट कागदावरून निघत नाही. वर ग्लासिन हा गुळगुळीत, पातळ कागद, मग गुंडाळी. नळी तीन इंचांपेक्षा बारीक नको, जाड कागद घट्ट गुंडाळला की त्यावर चिरा पडतात. पावसाळ्यात मी पुठ्ठ्याच्या नळीऐवजी पीव्हीसी पाइपचे तुकडे वापरते. जळगाव जिल्ह्यात पाइपला तोटा नाही, ठिबकवाल्यांकडेही उरलेले तुकडे मिळतात. ११० एमएमचा तुकडा, दोन्हीकडे झाकण, आत प्रिंट ग्लासिनमध्ये आणि वरून प्लास्टिकमध्ये. वजन वाढतं, म्हणून आधी तोलून दर विचारा. ए३ पर्यंतच्या प्रिंट दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाटही जातात, मात्र पुठ्ठा प्रिंटपेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठा हवा, कारण मार नेहमी कोपऱ्याला बसतो.

फ्रेमवाल्याजवळ उभे राहा. तो सवयीने प्रिंट पुठ्ठ्याला फेविकॉलने चिकटवेल किंवा सेलोटेप लावेल. सेलोटेप काही वर्षांत तपकिरी डाग सोडते. प्रिंट वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी बिजागरीने लटकती ठेवा, चिकटवायला गव्हाची किंवा तांदळाची खळ. माउंट आम्लमुक्त घ्या. काच प्रिंटला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी, नाहीतर दमटपणाने शाई काचेला चिकटते.

प्रत्येक प्रिंटसोबत मी मराठीत छापलेली एक चिठ्ठी देते. पश्चिमेच्या भिंतीवर थेट ऊन येत असेल तर लावू नका. कूलरच्या झोतासमोर लावू नका. ही दुसरी सूचना बाहेरगावच्या पुस्तकांत सापडत नाही, पण ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आपल्या घरी कूलर दिवसरात्र चालतो आणि त्याची ओली हवा कागद फुगवते, बंद केला की कागद आक्रसतो, महिनाभरात लाटा पडतात. तिसरी सूचना वाळवीची : बाहेरच्या भिंतीवर लावताना फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी गोट्या लावा, म्हणजे हवा खेळते, आणि वर्षातून एकदा उतरवून मागे बघा.

बिघडलं तर

प्रिंट वाटेत दुमडली तर पॅकेट उघडतानाची चित्रफीत मागा आणि वाद न घालता दुसरी द्या. पण नवा क्रमांक देऊ नका. खराब झालेली प्रत परत मागवा, तिचा क्रमांक असलेला कोपरा कापून घ्या, उरलेला कागद फाडा आणि नवीन प्रतीवर तोच क्रमांक घाला. वहीत दोन्ही तारखा लिहा. नाहीतर एकाच क्रमांकाच्या दोन प्रती बाजारात राहतात.

धुळ्याच्या डॉक्टरांची प्रिंट मी अशीच बदलून दिली. त्यांनी तक्रार केली नव्हती, मी दाढ दाखवायला गेले तेव्हा मला दिसली. पन्नासपैकी विकलेल्या अठरा जणांना फोन केले, पिगमेंट शाईने कापसाच्या कागदावर पुन्हा छापून दिल्या, उरलेल्या बत्तीस फाडल्या. त्या वर्षी नफा झाला नाही. अठरा कोपरे वहीच्या त्या पानावर ओळीने चिकटवलेले आहेत, आणि स्टॉलवर ही वही मी टेबलावर उघडी ठेवते.